परदेशातली सिव्हिल युनियन मुंबईत चालते का?

‘परदेशात सिव्हिल युनियन नोंदवली की ती जगभर लग्नच धरतात’ हा फॉरवर्ड वर्षानुवर्षं फिरतोय. सिव्हिल युनियन म्हणजे लग्न न करता जोडीदार म्हणून केलेली कायदेशीर नोंद. पासपोर्ट चालतो, मग हेही चालेल, असं वाटणं साहजिकच. पण नात्याला दर्जा प्रत्येक देशाचा कायदा देतो. फ्रान्सचा १९९९ पासूनचा ‘पाक्स’ हा जोडीदारांचा नोंदणीकृत करार खुद्द तिथेच लग्नाहून वेगळा. मृत्युपत्र नसेल तर मागे राहिलेल्या जोडीदाराला वारसाहक्क नाही. ब्रिटनने मात्र २००४ च्या सिव्हिल पार्टनरशिप कायद्याला मान्य परदेशी नात्यांची यादीच जोडली. आपल्याकडचा १९५४ चा विशेष विवाह कायदा फक्त लग्नाचा. त्यात सिव्हिल युनियनची तरतूदच नाही. तेव्हा आधी दाखला कशाचा आहे ते बघा, मग तो जिथे दाखवायचा तिथला कायदा वाचा. अंधेरीतला फ्लॅट दोघांच्या नावावर घ्यायला मात्र नात्याचा दाखला लागत नाही. मृत्युपत्र तेवढं करून ठेवा.