इलेक्ट्रिक कार रात्री कुठे उभी राहणार?

इंदूरहून महेश्वरला जाताना मानपूरच्या पुढे घाट लागतो. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटरवर, तर महेश्वरचा नर्मदाकाठ सुमारे १५० मीटरवर. १५०० किलोची गाडी हे ४०० मीटर खाली उतरते तेव्हा दीड युनिटाहून थोडी जास्त ऊर्जा मोकळी होते. पेट्रोल गाडीत ती ब्रेक आणि इंजिन तापवण्यात जाते. इलेक्ट्रिक कारमध्ये ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की चाकंच मोटरला फिरवू लागतात आणि ती जनित्र होऊन बॅटरीत वीज भरते. हवा आणि टायर आपला वाटा घेतातच, त्यामुळे सगळी ऊर्जा हाती लागत नाही. परतीच्या चढावर मिळालेलं सव्याज फेडावं लागतं, तेव्हा महेश्वरहून निघताना बॅटरीत पुरेशी शिल्लक ठेवावी.

शहरात दर सिग्नलला हेच छोट्या प्रमाणात घडतं. पलासियाच्या गर्दीत पेट्रोलचं इंजिन उभ्या उभ्या इंधन जाळतं, इलेक्ट्रिक मोटर थांबली की थांबलीच. पेट्रोलमधल्या ऊर्जेपैकी जेमतेम २० ते ३० टक्के चाकांपर्यंत पोचते. विजेच्या बाबतीत हे प्रमाण पाऊणशे टक्क्यांच्या पुढे जातं. म्हणून १०० किलोमीटरला साधारण १५ युनिट पुरतात. घरच्या दराने हे सव्वाशे रुपयांच्या आत बसतं. लिटरला १५ किलोमीटर देणाऱ्या पेट्रोल गाडीला तेवढ्याच अंतराला सातशेच्या घरात खर्च येतो. क्लच नाही, इंजिन ऑइल बदलणं नाही. खरेदीची किंमत मात्र जास्त, त्यामुळे रोज जेमतेम दहा-पंधरा किलोमीटर फिरणाऱ्याचे जास्तीचे पैसे लवकर वसूल होत नाहीत.

आणि हा सगळा हिशोब घरच्या विजेचा आहे. रस्त्यावरच्या फास्ट चार्जरवर युनिटचा दर दुपटीहून जास्त पडतो, वर रांगेत थांबणं आलं. म्हणून गाडी घेऊ पाहणाऱ्या प्रत्येकाला मी रेंजच्या, म्हणजे एका चार्जमध्ये गाडी किती चालेल याच्या, आधी एकच गोष्ट विचारते: रात्री ती कुठे उभी राहणार? सुदामा नगरात स्वतःचं पोर्च असलेल्याचं उत्तर सोपं आहे. राजवाड्यामागच्या गल्लीत, जिथे गाडी दोन घरं सोडून मिळेल तिथे लावावी लागते, तिथे मी आज तरी इलेक्ट्रिक कार घ्या म्हणणार नाही. फ्लॅटवाल्यांनी आधी सोसायटीशी बोलावं. स्वतःच्या वीज जोडणीवरून चार्जिंग करायला केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांची आडकाठी नाही. अडतं ते पार्किंगपर्यंत केबल न्यायच्या परवानगीत.

जुन्या घरात आणखी एक अडचण निघते, अर्थिंगची. १५ अँपियरच्या पॉइंटला चार्जर लावला की तो बहुधा आधी अर्थिंग तपासतो, आणि ते नसेल तर लाल दिवा दाखवून चार्जिंगच नाकारतो. तो दिवा चुकवायला जुगाड करू नये. वायरमनकडून खड्डा खणून, तांब्याची प्लेट पुरून, कोळसा-मीठ घालून नीट अर्थिंग करून घ्यावं. त्यावर जीव अवलंबून असतो. पॉइंटही चांगला हवा. गिझर अर्ध्या तासात बंद होतो, गाडी मात्र आठ-नऊ तास सलग वीज ओढते. सॉकेट सैल असेल तर पिना तापतात, काळ्या पडतात, प्लास्टिक वितळतं. चार्जिंग सुरू झाल्यावर अर्ध्या तासाने प्लगला हात लावून पाहावा. कोमट असेल तर ठीक. चटका बसला तर बंद करावं.

बॅटरीचा मोठा शत्रू आपल्याकडचा मे महिना. लिथियम-आयन बॅटरीतल्या ऋण टोकावर एक पातळ थर असतो. तो वाढत जातो तसं वापरण्याजोगं लिथियम त्यात अडकतं आणि क्षमता घटते. उष्णतेत ही वाढ वेगाने होते, आणि बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर आणखी वेगाने. म्हणजे १०० टक्के चार्ज करून गाडी भर दुपारी उन्हात तीन दिवस सोडून देणं सगळ्यात वाईट. रोजच्या वापराला ८० टक्के पुरे. लिथियम-आयर्न-फॉस्फेट ही बॅटरी आपल्या हवामानाला जास्त मानवते: ती जास्त वेळा चार्ज होऊ शकते आणि पेट घेण्याचा धोकाही कमी. हे रसायन १९९०च्या दशकात जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेतून आलं; लिथियम-आयन बॅटरीच्या कामासाठी २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालेल्या तिघांपैकी ते एक. ही बॅटरी जड असते, आणि टक्क्यांचा अंदाज चुकू नये म्हणून तिला अधूनमधून पूर्ण भरावं लागतं. ते प्रवासाच्या आदल्या रात्री करावं. मालव्याच्या रात्री गार असतात, त्याचा फायदा बॅटरीला मिळतो.

धुराचं काय? आपली बरीचशी वीज अजून कोळशाची. देशात एका युनिटमागे सरासरी ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. तारांमधली गळती धरली तर १०० किलोमीटरला १२-१३ किलो. पेट्रोल जाळण्यातून साडेपंधरा किलो, शुद्धीकरण वगैरे धरून अठराच्या आसपास. पण ३० युनिटची बॅटरी बनवतानाच दोन-तीन टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडलेला असतो. माझ्या हिशोबाने तो फिटायला साधारण चाळीस-पन्नास हजार किलोमीटर लागतात. वर्षाला पाच हजार चालवणाऱ्याला याला आठ-दहा वर्षं लागतील. शहरातल्या श्वासाचा फायदा मात्र पहिल्या दिवसापासून, कारण नळकांड्यातून धूर येतच नाही.

विजेमागचा हा कार्बन डायऑक्साइड कमी करायचा तर चार्जिंग दुपारी हवं, जेव्हा ग्रिडमध्ये रीवा आणि ओंकारेश्वरची सौर वीज असते. उन्हाळ्यात ते बॅटरीच्या सोयीच्या विरुद्ध जातं. म्हणून छतावर सोलर असलेल्यांनी नोव्हेंबर ते फेब्रुवारी दुपारी गाडी चार्जिंगला लावावी आणि एप्रिल-मेमध्ये पहाटे. ऑफिसच्या तळघरातल्या सावलीत पॉइंट मिळत असेल तर बाराही महिने दुपारीच.