दूरसंचार कामगार आणि उष्णताविकार

मोबाइल टॉवर, खांबांवरच्या तारा आणि जमिनीखालच्या केबल यांवर उघड्यावर काम करणाऱ्यांना ऊन व श्रम यांमुळे जडणारे विकार. स्नायूंत पेटके येणे, भोवळ, उष्णतेने येणारी ग्लानी आणि उष्माघात हे त्यांचे मुख्य प्रकार. उष्माघातात शरीराचे आतले तापमान साधारणपणे ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते, मेंदूच्या कामात बिघाड होतो आणि उपचाराला उशीर झाला तर जीव जातो.

श्रमाने स्नायूंत तयार होणारी उष्णता मुख्यतः घाम वाळण्यातून बाहेर पडते. टॉवरवर चढणाऱ्याच्या अंगावर हार्नेस (पडू नये म्हणून अंगाला बांधायचे सुरक्षा पट्टे), हेल्मेट, हातमोजे आणि कमरेला हत्यारे असतात. पट्ट्यांखाली घाम येतो, पण वाळत नाही. मॅनहोलमध्ये ऊन नसते, तसा वाराही नसतो, आणि हवा दमट असते. त्यामुळे नुसते हवेचे तापमान पाहून धोक्याचा अंदाज बांधणे चुकीचे ठरते.

या व्यवसायातला खरा धोका मदत लांब असण्यात आहे. जमिनीवर भोवळ आली तर माणूस सावलीत बसू शकतो. टॉवरवर त्याला त्याच अवस्थेत शिडी उतरावी लागते. शुद्ध हरपून हार्नेसला लटकत राहिल्यास पायांत रक्त साचते, तो आणखी एक जीवघेणा प्रकार. शिवाय गोंधळलेपणा हे उष्माघाताचे ठळक लक्षण, आणि ते ज्याचे त्याला कळत नाही. बरळणे, अडखळणे, नेहमीची जोडणी चुकणे हे सोबत्यालाच दिसते. म्हणून कडक उन्हात एकट्याला कामावर पाठवू नये.

सर्वाधिक जपावे ते नवख्यांना आणि रजेवरून परतलेल्यांना. शरीराला उष्णतेची सवय व्हायला १ ते २ आठवडे लागतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार नव्या कामगाराला पहिल्या दिवशी उष्णतेतले काम नेहमीच्या २० टक्केच द्यावे आणि रोज फार तर २० टक्क्यांनी वाढवावे. तहानेची वाट न पाहता दर १५-२० मिनिटांनी पेलाभर पाणी प्यावे. चढणाऱ्याने ते सोबत वर न्यावे.

घाम थांबला म्हणजेच उष्माघात, ही समजूत घातक आहे. श्रमामुळे झालेल्या उष्माघातात अंग घामाने भिजलेलेही असते. अशा वेळी रुग्णवाहिका बोलवावी, पण ती येईपर्यंत थांबू नये. रुग्णाला गार पाण्यात बसवावे. ते जमत नसेल तर अंगावर पाणी ओतत राहून जोराचा वारा घालावा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नये.