शिन्वाझरी

चिनी वस्तूंच्या प्रभावातून युरोपीय कारागिरांनी घडविलेली अलंकरणशैली. ‘चिनी’ या अर्थाच्या ‘शिन्वा’ या फ्रेंच शब्दावरून आलेली ही संज्ञा एकोणिसाव्या शतकात रूढ झाली. शैली बरीच जुनी आहे.

तिचा आरंभ केव्हापासून मानावा, याविषयी एकमत नाही. फ्लॉरेन्सला मेदिची घराण्याच्या आश्रयाने सुमारे १५७५ ते १५८७ या काळात चिनी मातीच्या भांड्यांचे प्रयोग झाले. काही अभ्यासक शैलीचा आरंभ तेथवर मागे नेतात. मात्र हे प्रयोग दरबारापुरतेच राहिले. सतराव्या शतकाचा उत्तरार्ध हाच आरंभकाळ मानणे अधिक सयुक्तिक वाटते. १६४४ मध्ये मिंग राजवट कोसळून चिनी मालाचा ओघ आटला, तेव्हा हॉलंडमधील डेल्फ्टच्या कुंभारांनी कथिलाच्या पांढऱ्या झिलईवर निळी चिनी नक्षी रेखून ती उणीव भरून काढली. फ्रान्सचा राजा चौदावा लुई याने १६७० मध्ये व्हर्सायला निळ्या-पांढऱ्या फरशांनी सजविलेले त्रियानों हे छोटे विश्रामगृह बांधविले; ते १६८७ मध्ये पाडण्यात आले.

या शैलीचे वेगळेपण बव्हंशी मूळ साहित्य हाती नसल्यामुळे आले, हे रोगणकामात सर्वांत स्पष्ट दिसते. चिनी रोगण म्हणजे एका वृक्षाचा चीक. तो दमट हवेत घट्ट होतो, त्यामुळे पातळ थरांवर थर चढवावे लागतात. लांबच्या समुद्रप्रवासात तो टिकत नसे. इंग्रज कारागिरांनी त्याऐवजी मद्यार्कात विरघळविलेली लाख वापरली. ही लाख कीटकजन्य असून मुख्यतः भारतातून येई. म्हणजे ‘चिनी’ म्हणून मिरविलेल्या कपाटांवरची चकाकी बरेचदा भारतीय असे. पॅरिसच्या मार्तां बंधूंनी कोपल राळेचे रोगण नावारूपाला आणले.

रोगण चढवून खोदून रंगविलेल्या चिनी लाकडी पडद्यांना पुढे ‘कोरोमंडल’ हे नाव पडले. ते कोरोमंडल किनाऱ्यावर बनत नसत. भारताच्या या पूर्व किनाऱ्यावरील वखारींतून पुढे जात, यावरून हे नाव आल्याचे सामान्यतः मानले जाते. सतराव्या शतकातील इंग्रज त्यांना जावामधील बांतामच्या नावाने ओळखत. हे पडदे कापून त्यांच्या फळ्या कपाटांना जोडल्या जात. स्टॉकर व पार्कर या इंग्रज लेखकांनी १६८८ च्या आपल्या रोगणविषयक ग्रंथात या प्रकारावर कडक टीका केली आहे: जोडताना चित्राचे भान न राखल्यामुळे माणसे व झाडे उलटीपालटी होत आणि जमिनीवरचे प्रवासी हवेतून चाललेले दिसत.

खऱ्या चिनी मातीचे रहस्य जर्मनीतील ड्रेझ्डेन येथे १७०८ च्या सुमारास उलगडले व १७१० मध्ये मायसनचा कारखाना निघाला. श्रेय परंपरेने किमयागार ब्योट्गरला मिळते. शास्त्रज्ञ चिर्नहाउसच्या आधीच्या प्रयोगांवाचून हा शोध शक्य झाला नसता, हे मत अधिक ग्राह्य दिसते. चिर्नहाउस १७०८ मध्येच वारला.

अठराव्या शतकाच्या मध्यास शैलीचा बहर होता. फ्रेंच चित्रकार बूशेच्या चित्रांवरून फ्रान्समधील बोव्हे येथे भिंतपडदे विणले गेले. इंग्रज फर्निचरकार चिपेंडेलने १७५४ च्या नमुनासंग्रहात चिनी धर्तीची आसने दिली. चीनमधील कॅन्टन स्वतः पाहिलेल्या वास्तुकार विल्यम चेंबर्सने लंडनच्या क्यू उद्यानातील दहा मजली पॅगोडा उभारला (१७६२). ग्रीक-रोमन आदर्शांकडे वळणाऱ्या नव-अभिजाततावादाच्या प्रसाराबरोबर ही आवड ओसरली, तरी इंग्लंडमधील ब्रायटनच्या राजप्रासादात ती पुन्हा दिसते. त्याचे घुमट भारतीय वळणाचे, तर आतील दालने चिनी थाटाची आहेत.