सॉफ्टवेअरची वर्गणी-पद्धत

सॉफ्टवेअर एकरकमी विकत न घेता दरमहा किंवा दरवर्षी पैसे भरून वापरण्याची व्यवस्था. वर्गणी म्हटले की सोलापुरात गणेशमंडळाचे पावतीपुस्तकच डोळ्यांपुढे येते. त्यामुळे बोलताना शब्द येतो तो ‘सबस्क्रिप्शन’ किंवा सरळ ‘रिचार्ज’.

मायक्रोसॉफ्टने 2011 मध्ये वर्गणीवर चालणारे ऑफिस 365 आणले. अडोबीने 2013 मध्ये फोटोशॉपसह आपल्या संचाच्या नव्या आवृत्त्या फक्त वर्गणीवर द्यायचे जाहीर केले. ऑटोडेस्कने 2016 मध्ये ऑटोकॅड या आराखडे काढायच्या सॉफ्टवेअरची कायमस्वरूपी परवाना-विक्री थांबवली. कारण उघड आहे. जुन्या आवृत्तीवर काम भागत असले की गिऱ्हाईक वर्षानुवर्षे नवी घेत नाही. वर्गणीत कंपनीची आवक मात्र बांधलेली राहते. चोरट्या प्रतींनाही थोडा चाप बसतो.

फरक कळायला सोलापुरी चादरीचा जेकार्ड माग पाहावा. नक्षीप्रमाणे भोके पाडलेली पुठ्ठ्याची कार्डे दोरीने एकापुढे एक ओवून मागावर चढवतात. जिथे भोक, तिथला ताण्याचा दोरा उचलला जातो. म्हणजे कार्डांची ती माळ हे मागाचे सॉफ्टवेअरच. कारखानदार तिचे पैसे एकदा देतो. मोराची नक्षी चालेनाशी झाली तर माळ उतरवून माळ्यावर टाकायची, मागणी आली की पुन्हा चढवायची; मधल्या काळाचे भाडे कुणी मागत नाही. फोटोशॉपचे तसे नाही. गड्ड्याच्या यात्रेसाठी केलेल्या फ्लेक्सची फाइल दुकानदाराचीच असते, पण वर्गणी थकली की ती ज्यात केली ते फोटोशॉपच चालत नाही. वर्षाचा करार मासिक हप्त्यांत घेऊन मध्येच सोडला तर दंडही पडतो. नव्याने दुकान टाकणाऱ्याला सुरुवातीची मोठी रक्कम वाचते, हे खरे. दहा वर्षे तेच काम करणाऱ्याला ही पद्धत महागच.

टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरची रीत मधली, आणि व्यापारी पेठेला तीच जास्त मानवणारी. कायमचा परवाना घेतला की हिशेब चालूच राहतो. नव्या आवृत्त्या आणि ऑनलाइन सेवा हव्या असतील तर टीएसएसचे, म्हणजे टॅलीच्या सेवा-वर्गणीचे, नूतनीकरण करावे लागते. एकरकमी विक्री अगदीच संपलेली नाही. ऑफिस 2024 तसे मिळते.

कार्डावरून आपोआप कापल्या जाणाऱ्या वर्गणीसाठी रिझर्व्ह बँकेचे नियम 1 ऑक्टोबर 2021 पासून कडक झाले. पैसे कापण्याच्या किमान 24 तास आधी संदेश यावा लागतो, आणि तो आल्यावर ती कपात नाकारता येते.