आघाडी मुंबईत, भांडण तालुक्यात

२३ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात भाजपला १३२, एकनाथ शिंदे यांच्या शिवसेनेला ५७ आणि अजित पवारांच्या राष्ट्रवादीला ४१ जागा मिळाल्या. सातारा जिल्ह्यातल्या आठही जागा महायुतीकडे गेल्या: भाजप चार, शिवसेना दोन, राष्ट्रवादी दोन. पाचच वर्षांपूर्वी याच साताऱ्यात शरद पवार भर पावसात सभेला उभे राहिले होते आणि लोकसभेच्या पोटनिवडणुकीत भाजपचे उदयनराजे पडले होते. बाहेरून पाहणाऱ्याला हे वारं फिरल्यासारखं वाटतं. पण इथलं राजकारण पक्षांचं कमी आणि गटांचं जास्त. प्रत्येक तालुक्यात दोन गट ठरलेले, कारखाना, बँक, बाजार समिती या प्रत्येक ठिकाणी एकमेकांविरुद्ध पॅनेल लावणारे. मुंबईत दोन पक्षांनी हात मिळवले की हे दोन्ही गट एकाच बाजूला येतात आणि तिकीट मात्र एकच असतं. उरलेल्या गटाचं काय करायचं, हा प्रश्न ज्याने सोडवला त्याची आघाडी टिकली.

पहिला मोठा प्रयोग संयुक्त महाराष्ट्र समितीचा. ६ फेब्रुवारी १९५६ ला पुण्यात समिती स्थापन झाली तेव्हा प्रजा समाजवादी, शेतकरी कामगार पक्ष, कम्युनिस्ट, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन असे एकमेकांशी न पटणारे पक्ष तिच्यात होते. आपल्याकडे, म्हणजे सातारा-सांगलीत, पत्री सरकारातले जुने सोबतीही तोवर शेकाप, कम्युनिस्ट आणि काँग्रेस अशा तीन वाटांनी गेले होते. तरी १९५७ मध्ये साताऱ्यातून क्रांतिसिंह नाना पाटील कम्युनिस्ट म्हणून लोकसभेवर गेले आणि कराडमध्ये खुद्द मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाणांना निवडून येताना घाम फुटला. पश्चिम महाराष्ट्र समितीने मारला. राज्य मात्र द्विभाषिक होतं आणि ३९६ पैकी २३४ जागा घेऊन काँग्रेसच सत्तेत राहिली. समितीत भांडणं कमी झाली कारण मागणी एकच होती. १ मे १९६० ला ती पुरी झाली आणि बांधणारा दोर सुटला. १९६२ ला काँग्रेसने २६४ पैकी २१५ जागा घेतल्या. यशवंतरावांचं बेरजेचं राजकारण म्हणतात ते हेच: विरोधातला गट फोडण्यापेक्षा आत घ्यायचा आणि त्याला कारखाना, परिषद, समिती असं काहीतरी द्यायचं.

१९७८ चा प्रकार जास्त गुंतागुंतीचा, आणि त्यातला मुख्य माणूस सांगलीचा. जानेवारीत काँग्रेस फुटली, फेब्रुवारीच्या अखेरीस विधानसभेचं मतदान झालं. दोन्ही काँग्रेस समोरासमोर लढल्या. २८८ मध्ये जनता पक्षाला ९९, रेड्डी काँग्रेसला (यशवंतराव, वसंतदादा याच बाजूला) ६९, इंदिरा काँग्रेसला ६२. सर्वांत मोठ्या जनता पक्षाला बाजूला ठेवून मार्चमध्ये दोन काँग्रेस एकत्र आल्या. ६९ अधिक ६२ म्हणजे १३१, बहुमताला १४५ लागतात. वरचे चौदा इकडून तिकडून जमवले. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री, इंदिरा काँग्रेसचे नासिकराव तिरपुडे उपमुख्यमंत्री. राज्यात हे पद तेव्हाच पहिल्यांदा आलं. तिरपुडे सरकारात राहून दादांच्या गटावर आणि यशवंतरावांवर जाहीर टीका करत राहिले. जुलैत शरद पवार आपल्या आमदारांसह बाहेर पडले आणि १८ जुलैला पुरोगामी लोकशाही दलाचे (पुलोद) मुख्यमंत्री झाले.

आज हे इतक्या सहज होणार नाही. पक्षांतरबंदीचा कायदा १९८५ मध्ये आला. तोवर किती आमदार घेऊन कुठे जायचं याला आकड्याची अट नव्हती. १९८५ च्या कायद्याने एक तृतीयांश आमदारांची फूट चालवून घेतली, २००३ च्या ९१व्या घटनादुरुस्तीने तीही वाट बंद केली. त्याच दुरुस्तीने मंत्रिमंडळ सभागृहाच्या १५ टक्क्यांवर अडवलं. म्हणजे महाराष्ट्रात जास्तीत जास्त ४३. नाराज गटांना मंत्रिपदं वाटून शांत करण्याचा सोपा मार्ग तिथे संपला आणि महामंडळं, विधान परिषद यांचा भाव वाढला.

पुलोदमध्ये आणखी एक गोष्ट दिसली. ९९ आमदारांच्या जनता पक्षाने मुख्यमंत्रिपद लहान गटाला दिलं. २००४ ला राष्ट्रवादीच्या ७१ आणि काँग्रेसच्या ६९ जागा असताना राष्ट्रवादीने मुख्यमंत्रिपद सोडून जादा मंत्रिपदं घेतली, तासगावचे आर. आर. पाटील उपमुख्यमंत्री झाले. २०२२ ला शंभरावर आमदार असलेल्या भाजपने खुर्ची महाबळेश्वर तालुक्यातल्या दरे गावच्या एकनाथ शिंदे यांना दिली. थोरल्याने खुर्ची सोडली म्हणजे उदारपणा समजू नये; त्याची किंमत दुसरीकडे वसूल होते.

१९९५ ला बंडखोर हेच सरकारचं भांडवल झाले. शिवसेना ७३, भाजप ६५, एकूण १३८. सात कमी. काँग्रेस ८० वर अडकली आणि ४५ अपक्ष निवडून आले, त्यातले बरेच तिकीट न मिळालेले काँग्रेसवालेच. सांगली जिल्ह्यात संपतराव देशमुखांनी पतंगराव कदमांना पाडलं; कवठेमहांकाळमधून अजितराव घोरपडे, शिराळ्यातून शिवाजीराव नाईक अपक्ष आले. अपक्षाला व्हिप लागत नाही, पण निवडून आल्यावर तो एखाद्या पक्षात गेला तर अपात्र ठरतो. त्यामुळे तो बाहेरून पाठिंबा देतो आणि त्याची किंमत शेवटच्या दिवसापर्यंत टिकते. दुष्काळी पट्ट्यातल्या आमदारांनी मागितलं पाणी. बच्छावत लवादाने महाराष्ट्राला कृष्णेचं ५६० टीएमसी पाणी दिलं होतं आणि निवाड्याच्या फेरविचाराची तारीख ३१ मे २००० होती. तोवर कामं दिसली नाहीत तर हक्क जाईल ही भीती खरी होती. १९९६ मध्ये कृष्णा खोरे विकास महामंडळ झालं, रोखे काढून पैसा उभा केला आणि कराडजवळ टेंभूला कृष्णेचं पाणी उचलून खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळकडे न्यायच्या योजनेचं काम सुरू झालं. पाणी शिवारात यायला पुढे बरीच वर्षं गेली. उपसा योजनेत कालव्याइतकाच प्रश्न पंपांच्या वीजबिलाचा असतो, याचा विचार भूमिपूजनाच्या दिवशी कोणी करत नाही.

१९९९ ला काँग्रेस आणि राष्ट्रवादी वेगळे लढले. गंमत अशी की त्यामुळे आपल्या दोन्ही जिल्ह्यांत प्रत्येक गटाला तिकीट मिळालं: एक गट पंजावर, दुसरा घड्याळावर. बंडखोरीचा प्रश्नच आला नाही. काँग्रेस ७५, राष्ट्रवादी ५८; निकालानंतर हात मिळवून आणि शेकापसारख्या लहान पक्षांना घेऊन ऑक्टोबरमध्ये विलासरावांचं सरकार आलं. सांगलीला एका दमात जयंत पाटील, आर. आर. पाटील आणि पतंगराव कदम असे दोन पक्षांचे तीन वजनदार मंत्री मिळाले.

अडचण २००४ पासून. आता आघाडी निवडणुकीआधी झाली, आणि जागावाटपाचा नियम ठरला: जिंकलेली जागा ज्याची त्याला, उरलेल्या ठिकाणी दुसऱ्या क्रमांकाची मतं पाहायची. नियम सरळ आहे, पण त्याने हरलेल्या गटाला कायमचं बाहेर बसवलं. मग तो अपक्ष उभा राहतो, किंवा घरी बसून ‘आतून’ काम करतो. दुसरा प्रकार जास्त घातक, कारण तो मोजता येत नाही. २०१४ ला चारही मोठे पक्ष वेगळे लढले तेव्हा गट पुन्हा मोकळे झाले. तरी कराड दक्षिणेत पृथ्वीराज चव्हाणांसमोर विलासराव उंडाळकर अपक्ष उभे राहिलेच. सात वेळचा आमदार एका पक्षशिस्तीने थांबत नाही.

२०२४ ला दोन आघाड्यांत मिळून सहा मोठे पक्ष होते आणि चुका कुठे होतात ते सगळं आपल्याकडेच दिसलं. लोकसभेला कोल्हापूर काँग्रेसला गेलं म्हणून ठाकरे शिवसेनेने बदल्यात सांगली मागितली आणि पैलवान चंद्रहार पाटलांचं नाव जाहीर करून टाकलं. सांगलीत शिवसेनेची गावपातळीची यंत्रणा नव्हती, काँग्रेसची होती. वसंतदादांचे नातू विशाल पाटील अपक्ष उभे राहिले आणि लिफाफा चिन्हावर सुमारे लाखाच्या फरकाने आले. आघाडीचा अधिकृत उमेदवार तिसरा, अनामत जप्त. साताऱ्यात वेगळीच चूक. शरद पवारांच्या राष्ट्रवादीचे शशिकांत शिंदे ‘तुतारी वाजवणारा माणूस’ या नव्या चिन्हावर ३२,७७१ मतांनी पडले आणि तिथे एका अपक्षाला ‘तुतारी’ म्हणूनच छापलेल्या वाद्याच्या चिन्हावर ३७,०६२ मतं पडली. फुटलेल्या पक्षाला नवं चिन्ह मिळालं की ते गावोगाव पोहोचवायला वेळ लागतो, आणि यादीत त्याच्या जवळचं चिन्ह असेल तर हरकत वेळेत घ्यावी लागते. सगळीच मतं चुकून गेली असं कोणी सांगू शकत नाही, पण आकडे शेजारी ठेवले की मनात यायचं ते येतंच.

विधानसभेला महायुतीने यातून धडा घेतला असं म्हणता येईल. अर्ज भरायची शेवटची तारीख २९ ऑक्टोबर, माघारीची ४ नोव्हेंबर, मधे दिवाळी. एबी फॉर्म, म्हणजे उमेदवार आपला असल्याचं पक्षाचं पत्र, शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत निवडणूक अधिकाऱ्याकडे पोहोचला नाही तर पक्षाचा उमेदवारही अपक्षच ठरतो, म्हणून हे फॉर्म शेवटपर्यंत खिशात ठेवून दबाव टाकतात. जागा अदलाबदल करण्याऐवजी महायुतीने उमेदवारच बदलून दिले. भाजपचे माजी खासदार संजयकाका पाटील तासगावात घड्याळावर, भाजपचे निशिकांत पाटील इस्लामपुरात घड्याळावर. फलटणला रणजितसिंह निंबाळकरांच्या गटाचे सचिन पाटील घड्याळावर निवडूनही आले. तासगाव आणि इस्लामपूर गेलं, पण तिकीट पक्षाला आणि माणूस गटाचा, ही युक्ती चालली. समोरच्या आघाडीत पाटणमध्ये उलट झालं: तिकीट ठाकरे शिवसेनेला गेलं, जुना राष्ट्रवादीचा पाटणकर गट अपक्ष लढला, शंभूराज देसाईंसमोर दुसऱ्या क्रमांकावर अपक्षच राहिला.

वाटणी मात्र अजून संपलेली नाही. साताऱ्याला शिवेंद्रसिंहराजे, शंभूराज देसाई, जयकुमार गोरे आणि मकरंद पाटील असे तीन पक्षांचे चार कॅबिनेट मंत्री मिळाले, पण पालकमंत्री एकच: देसाई. जिल्हा नियोजन समितीचा निधी त्यांच्या सहीने जातो आणि उरलेल्या तिघांचे कार्यकर्ते यादी घेऊन तिथेच जातात. सांगलीत महायुतीचे पाच आमदार असून मंत्रिपद एकही नाही. पालकमंत्री म्हणून चंद्रकांत पाटील बाहेरून येतात.