मॅट कोट पांढरा का पडतो?

महिनोन्‌महिने खपून तयार केलेल्या स्केल मॉडेलवर अखेरचा हात फिरतो तो पारदर्शक मॅट व्हार्निशचा, आणि नेमका तिथेच अनेकांचा घात होतो. वाफेच्या इंजिनाचा काळा बॉयलर किंवा लढाऊ विमानाचा गर्द हिरवा पंख वाळल्यावर पांढुरका दिसू लागतो. व्हार्निश खराब निघाले असे समजून त्यावर मॅटचा आणखी एक कोट मारला जातो आणि पांढरेपणा बहुधा वाढतो. वास्तविक त्या थरात पांढरा रंग मुळी नसतोच. तो पांढरेपणा प्रकाशाच्या विखुरण्यातून येतो, आणि प्रकाश विखुरण्यामागे बहुतेक वेळा नको तिथे शिरलेली हवा असते.

मॅट व्हार्निशमध्ये सिलिकाची अतिसूक्ष्म, साधारणपणे काही मायक्रोमीटर आकाराची भुकटी मिसळलेली असते. थर वाळताना आक्रसतो, या कणांमुळे त्याचा पृष्ठभाग उंचसखल होतो आणि चकाकी मोडते. सिलिकाचा अपवर्तनांक (पदार्थात शिरताना प्रकाश किती वळतो याचे माप) सुमारे १.४६ आणि व्हार्निशचा थर बनवणाऱ्या ॲक्रिलिक रेझिनचा सुमारे १.४९ असल्याने रेझिनमध्ये पूर्ण बुडालेला कण जवळजवळ अदृश्य असतो. त्या सीमेवर सरळ पडलेल्या प्रकाशापैकी जेमतेम ०.०१ टक्का परावर्तित होतो. तोच कण उघडा पडून हवेला भिडला, तर हे प्रमाण सुमारे ३.५ टक्क्यांवर जाते, म्हणजे तीनशे पटींहून अधिक. असे असंख्य कण सगळ्याच रंगांचा प्रकाश चहूकडे फेकतात आणि डोळ्याला पांढरे दिसते. काळ्या रंगाकडून मुळातच फार थोडा प्रकाश परत येत असल्याने ही भर त्यावर सर्वांत आधी उठून दिसते.

कण उघडे पडण्याचे सर्वांत साधे कारण म्हणजे न ढवळलेली बाटली. सिलिका तळाशी बसते. वरवरचे व्हार्निश वापरले की पहिले कोट चकाकतात आणि बाटली संपत येताना भुकटी जास्त, रेझिन कमी असे मिश्रण एअरब्रशमध्ये, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या उपकरणात, जाते. केवळ हलवून भागत नाही. काडीने तळ खरवडून ढवळावे लागते.

यापुढची कारणे हवामानाची आहेत, आणि नागपूरकरांना ती दोन्ही टोकांनी भोवतात. मे महिन्यातील दुपारी तापमान ४२ अंश सेल्सिअस आणि सापेक्ष आर्द्रता १५ टक्के असताना एअरब्रशमधून निघालेले थेंब मॉडेलवर पोहोचण्याआधीच अर्धवट वाळतात, एकमेकांत मिसळून सलग थर होत नाही आणि बोटाला खरखर लागते. पावसाळ्यात प्रकार वेगळा असतो. ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असेल, तर दवबिंदू, म्हणजे हवेतील बाष्पाचे दव होऊ लागते ते तापमान, सुमारे २६ अंशांवर असतो. लॅकर या झटपट वाळणाऱ्या व्हार्निशमधील थिनर (पातळ करणारे द्रावण) झपाट्याने उडताना पृष्ठभाग थंड करतो. चार अंशांची घट झाली की हवेतील बाष्प ओल्या थरावर दव होऊन बसते, त्यात अडकते आणि पाणी उडून गेल्यावर तिथे सूक्ष्म पोकळ्या उरतात. मेमधील त्या दुपारी दवबिंदू जेमतेम १० अंश असल्याने हा धोका नसतो. पण आपल्याकडे घरोघरी चालणारा डेझर्ट कूलर ही सुरक्षितता घालवतो. कूलरच्या खोलीत ३२ अंश आणि ६५ टक्के आर्द्रता असली, तर दवबिंदू २४ अंशांच्या वर जातो आणि उन्हाळ्यातही पावसाळ्यासारखा बिघाड होऊ शकतो. म्हणून लॅकर मारायचे असेल तर उन्हाळ्यात कूलर बंद ठेवून भल्या सकाळी, खिडक्या उघडून काम करणे मला सर्वांत योग्य वाटते.

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी एक चाचणी अवश्य करावी. थर पूर्ण वाळल्यावर ओल्या कुंचल्याने पांढऱ्या भागावर पाण्याचा एक थेंब पसरावा. घासलेली काच ओली होताच आरपार दिसू लागते, तसा खालचा रंग स्पष्ट दिसला आणि पाणी वाळताच पांढरेपणा परतला, तर दोष पृष्ठभागावर आहे असे समजावे. पाण्याचा अपवर्तनांक १.३३ असल्याने ते खाचांतील हवेची जागा घेऊन विखुरणे तात्पुरते कमी करते. तेच काम कायमचे करायला ग्लॉस व्हार्निशचा पातळ पण ओलसर कोट पुरतो. उघडे कण पुन्हा रेझिनमध्ये बुडतात आणि मूळ रंग परततो. तो कोट नीट वाळल्यावर नीट ढवळलेले मॅट व्हार्निश हलक्या हाताने मारावे. थर लॅकरचा असून दवामुळे पांढरा पडला असेल, तर कोरड्या दिवशी रिटार्डर (वाळणे लांबवणारा द्रव) मिसळलेल्या थिनरचा अगदी हलका फवारा थर मऊ करून पोकळ्या मिटवतो. मात्र तीव्र थिनरने डिकॅल, म्हणजे मॉडेलवर चिकटवलेली पातळ छापील चिन्हे, सुरकुततात, म्हणून आधी रंगवलेल्या प्लॅस्टिकच्या चमच्यावर त्याच क्रमाने थर देऊन पाहावे.

डिकॅलभोवती दिसणारी चंदेरी झाक हीसुद्धा हवेचीच करामत आहे. खरखरीत मॅटवर डिकॅल चिकटवल्याने खाली हवा कोंडते. त्यासाठी डिकॅलआधी ग्लॉस कोट द्यावा, आणि झाक आलीच असेल तर सुईने बारीक टोचून डिकॅल सॉफ्टनर (डिकॅल मऊ करणारा द्रव) आत जिरवावा.

पाण्याच्या थेंबाने काहीच फरक पडला नाही, तर दोष थराच्या आत आहे. जाड कोटामुळे भुकटी मॉडेलवरील कोरीव रेषांमध्ये आणि कोपऱ्यांत साचून गठ्ठे झाले, की बाहेरून दिलेला ग्लॉस कोट त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. तिथे बारीक ओल्या पॉलिशपेपरने थर उतरवून तेवढा भाग नव्याने रंगवावा लागतो.