संकेतस्थळाचे सुरक्षा प्रमाणपत्र आणि ब्राउझरची निवड

संकेतस्थळाचे प्रमाणपत्र म्हणजे त्याची ओळख पटवणारा डिजिटल दाखला. त्यात संकेतस्थळाचे नाव, सार्वजनिक किल्ली (ओळख पडताळण्यासाठी सर्वांना खुला असलेला सांकेतिक आकडा), मुदत आणि दाखला देणाऱ्या प्रमाणन संस्थेची डिजिटल सही असते. ब्राउझर ही सही तपासतो, मग त्या संस्थेला कोणी मान्यता दिली ते पाहतो. ही साखळी त्याच्याजवळच्या विश्वासू मूळ प्रमाणपत्रांच्या (साखळीच्या टोकाच्या संस्थांच्या स्वतःच्या दाखल्यांच्या) यादीपर्यंत पोहोचली नाही, तर तो इशारा देतो. म्हणजे ब्राउझर निवडताना कोणाच्या शब्दावर विसंबायचे, हेही आपण ठरवत असतो.

पत्त्याशेजारच्या कुलपाबद्दल मोठा गैरसमज आहे. वाटेत कोणी मजकूर वाचू किंवा बदलू शकत नाही, एवढेच ते सांगते. पलीकडचा माणूस सचोटीचा आहे, असे नव्हे. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था २०१५ पासून प्रमाणपत्रे मोफत देते. त्यामुळे असंख्य छोटी संकेतस्थळे सुरक्षित झाली, हे तिचे मोठेच काम. पण स्वतःच्या फसव्या नावासाठी भामट्यालाही प्रमाणपत्र सहज मिळते. क्रोमने तर २०२३ मध्ये कुलपाचे चिन्हच काढून टाकले. म्हणून नाव अक्षर न् अक्षर वाचावे, आणि तेही मागून: ‘https://’ नंतरच्या पहिल्या तिरप्या रेघेच्या लगेच आधीचा भाग खरा. त्याच्या डावीकडे टिंब देऊन बँकेचे नाव कोणीही लावू शकतो.

प्रमाणन संस्थाही चुकतात. २०११ मध्ये नेदरलँड्समधील डिजिनोटार या संस्थेत घुसखोरांनी पाचशेहून अधिक बनावट प्रमाणपत्रे तयार केली. त्यांतले गुगलच्या नावाचे प्रमाणपत्र इराणमधील लोकांवर पाळत ठेवण्यासाठी वापरले गेले. ब्राउझरांनी डिजिनोटारला यादीतून काढले आणि त्याच वर्षी तिचे दिवाळे निघाले. त्यानंतर संस्थांनी दिलेल्या प्रमाणपत्रांची सार्वजनिक नोंदवही ठेवण्याची पद्धत आली. आपल्या नावाने कोणी परस्पर प्रमाणपत्र घेतले का, हे मालकाला तिच्यात दिसते. कझाकस्तान सरकारने २०१९ मध्ये नागरिकांना स्वतःचे मूळ प्रमाणपत्र बसवायला सांगितले, तेव्हा गुगल, मोझिला आणि ॲपल यांनी ते आपल्या ब्राउझरांत रोखले. कार्यालयाने दिलेल्या संगणकात मात्र असे प्रमाणपत्र आधीच बसवलेले असू शकते. मग सारे सुरक्षित दिसत असूनही मधल्या मध्ये मजकूर वाचला जातो. तपशिलात प्रमाणपत्र कोणी दिले ते पाहिले, की हे उघड होते.

मुदत संपल्याचा इशारा आल्यावर आधी आपल्या यंत्राची तारीख तपासावी. ती बरोबर असेल, किंवा नाव जुळत नसल्याचा इशारा असेल, तर तो ओलांडून पासवर्ड कधीही देऊ नये.

खासगीपणा हा वेगळा प्रश्न. फायरफॉक्स आणि सफारी माग काढणाऱ्या अनेक कुकी (संकेतस्थळांनी ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्या नोंदी) आपण काही न बदलताच अडवतात. ब्रेव्ह त्यांच्यासोबत जाहिरातीही रोखतो. टॉर ब्राउझर जोडणी तीन टप्प्यांतून नेतो आणि सगळे वापरकर्ते शक्य तितके सारखे दिसतील असे पाहतो. त्यामुळे वेग कमी होतो. कोणताही निवडला तरी अद्ययावत ठेवणे सर्वांत महत्त्वाचे. ‘खासगी खिडकी’ने फक्त त्या खिडकीतला आपल्या यंत्रावरचा इतिहास पुसला जातो, इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला कोणत्या संकेतस्थळाला भेट दिली ते बहुधा दिसतेच.